क्लस्टरचं पहिलं विरजण कुणी लावलं?

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, आपण इतिहासाच्याच वाटेने जाणार आहोत. प्रश्न घरातला आहे. दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे तरी काय, दहीच. मग पहिलं दही आलं कुठून? सर्व्हरच्या जगात याच प्रश्नाशी लोक गेली चाळीस वर्षं झुंजतायत.

म्हणजे बघा. समजा पन्नास मशिन्सचा क्लस्टर उभा करायचाय. क्लस्टर म्हणजे एकत्र मिळून एकच काम उचलणारी मशिन्स. ती आली, रॅकमध्ये बसली, वायरी जोडून झाल्या. पुढे काय? प्रत्येकाला नेटवर्कवर पत्ता हवा, तो देतं डीएचसीपी. नावावरून पत्ता शोधायला डीएनएस. ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवातीची फाइल पुरवायला टीएफटीपी. सगळ्यांची घड्याळं जुळवायला एनटीपी. या सेवा क्लस्टरच्या आधी चालू पाहिजेत. आणि त्या चालवायला काय लागतं? सर्व्हर! झालं, विरजणाचा घोळ सुरू.

आता मागे जाऊ, १९८० च्या दशकात. तेव्हा डिस्क महाग होती, म्हणून बिनडिस्कची वर्कस्टेशन्स निघाली. बटण दाबलं की अशा मशीनला स्वतःबद्दल एकच गोष्ट ठाऊक असायची: नेटवर्क कार्डावर कोरलेला क्रमांक. आपला पत्ता काय, फाइल कुणाकडे मागायची, काहीच माहीत नाही. १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाची पद्धत लिहून काढली. मशीन सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारणार, ‘मी कोण?’ आणि एक सर्व्हर उत्तर देणार, ‘हा तुझा पत्ता, आणि फाइल तिथे मिळेल.’ फाइल आणायला टीएफटीपी आधीच होतं. त्यात लॉगिन नाही, फोल्डरची यादी नाही. पण म्हणूनच ते इतकं छोटं, की मशीनच्या रॉममध्ये मावायचं.

फक्त एक अडचण होती. कुठल्या क्रमांकाला कुठला पत्ता, ही यादी माणसाने हाताने भरायची. १९९३ मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या नावाने डीएचसीपीचा मसुदा आला आणि पत्ते ठरावीक मुदतीसाठी भाड्याने मिळायला लागले. तुमचा फोन घरच्या वायफायला जोडला जातो, तेव्हा आजही हेच होतं.

मग १९९४. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारी साधी १६ मशिन्स जोडून, त्यांवर लिनक्स टाकून बेओवुल्फ नावाचा क्लस्टर बनवला. महासंगणकाची ताकद स्वस्तात मिळायला लागली. १६ मशिन्स हाताने लावता येतात हो. पण २००७ मध्ये आपल्या पुण्यातला ‘एका’ हा महासंगणक जगात चौथ्या क्रमांकावर आला, त्यात सुमारे १८०० सर्व्हर होते. एका सर्व्हरला नुसती दहा मिनिटं धरली, तरी ३०० तास! शिवाय माणूस दमतो, आणि सातशेव्या मशीनवर एखादी ओळ चुकते. ती चूक कधीतरी रात्री दोन वाजता सापडते.

म्हणून दोन बाजूंनी काम सुरू झालं. एक बाजू मशीन उठवण्याची. १९९९ मध्ये इंटेलने पीएक्सईचा २.१ आराखडा प्रसिद्ध केला, आणि नेटवर्कवरून बूट होणं ही साध्या पीसीचीही सवय झाली. दुसरी बाजू मशीन वळणावर ठेवण्याची. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन लिहिलं. त्यातला विचार असा: पायऱ्या सांगू नका, शेवटी मशीन कसं दिसायला हवं ते सांगा. आज पपेट, अ‍ॅन्सिबल वगैरे जे वापरतो, त्यांची मुळं इथे आहेत.

२००० च्या सुमारास सॅन डिएगोच्या महासंगणक केंद्रातून रॉक्स आलं. त्यात एकच मुख्य मशीन हाताने लावायचं. मग बाकीची एकेक चालू करायची. मुख्य मशीन त्यांची ‘मी कोण?’ ही हाक ऐकतं, नोंद करतं, नाव देतं आणि सिस्टिम टाकतं. एखाद्या मशीनबद्दल शंका आली? दुरुस्ती करत बसू नका, सरळ पुसून पुन्हा टाका. त्यानंतर रेड हॅटमध्ये मायकल डीहान यांनी कॉबलर बनवलं, म्हणजे डीएचसीपी, डीएनएस, टीएफटीपी यांच्या फाइली एकाच जागेवरून तयार करणारं टूल. त्यांनीच २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आणलं. मशीनवर एसएसएच आणि पायथन असलं की पुरे.

इथवर ऐकून वाटेल, सुटला की प्रश्न! पण नीट बघा. प्रत्येक वेळी हाताचं काम फक्त एक पायरी मागे सरकलंय. ओपनशिफ्ट ४ तुम्ही स्वतःच्या मशिन्सवर बसवायला घेतलं, तर डीएनएस आणि लोड बॅलन्सर आधी तयार लागतात. मग एक तात्पुरतं बूटस्ट्रॅप मशीन उठतं, खऱ्या मशिन्सना उभं करतं आणि काढून टाकलं जातं. विरजण लावलं, वाटी विसळून ठेवली.

आणि ही वाटीच हरवली तर? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते, आठवतंय? देखभालीच्या एका कमांडमुळे त्यांच्या डेटा सेंटर्समधला आपसातला संपर्क तुटला. मग त्यांचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. दुरुस्तीची अंतर्गत टूल्सही त्याच डीएनएसवर अवलंबून, म्हणून तीही बंद. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. एवढ्या ऑटोमेशनच्या तळाशी अखेर कुणीतरी हातात चावी घेऊन जाणारं लागलं.

म्हणून तुम्ही या क्षेत्रात असाल, नाहीतर येणार असाल, तर आपल्या टीमला एक प्रश्न नक्की विचारा: सगळं एकदम बंद पडलं, तर पहिलं कुठलं मशीन चालू करायचं, आणि त्याचा पत्ता कुठे लिहिलाय? ‘विकीवर आहे’ असं उत्तर आलं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा: विकी कुठल्या सर्व्हरवर चालतो? तो त्याच क्लस्टरवर असेल, तर आजच एक कागद घ्या, पत्ता लिहा आणि कपाटात ठेवा.

पुढच्या भागात एनटीपीची, म्हणजे घड्याळं जुळवण्याची गोष्ट. तोवर ऐकत राहा!