मंजूर झालेलें नातें

वनवासाला गेलेल्या रामाची वाट भरतानें चौदा वर्षें पाहिली. नंदिग्रामीं पादुका ठेवून तो बसला, तेव्हां एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. चौदा म्हणजे चौदा; पंधरावें वर्ष उजाडावयाचें नव्हतें. ऊर्मिलेचें दुःख मोठें खरें, पण त्यालाहि मुदत होती. शबरीसारखे अपवाद सोडले तर आमच्या पुराणांतील प्रतीक्षा बहुधा अशा मुदतबंद असतात. शापाला उःशाप असतो, अज्ञातवासाला वर्षाची मर्यादा असते. मुदत ठाऊक नसलेली, पण रीतसर शिक्का मारून दिलेली प्रतीक्षा ही मात्र विसाव्या शतकांतील कायदेपंडितांची निर्मिति होय.

अमेरिकेचा नागरिक झालेला मनुष्य स्वदेशीं राहिलेल्या आपल्या भावासाठीं किंवा बहिणीसाठीं अर्ज करतो. सरकार जन्माचे दाखले मागवितें, आईबापांचीं नांवें ताडून पाहतें, आणि कांहीं काळानें अर्ज मंजूर झाल्याचें कळवितें. घरांत पेढे वाटले जातात. परंतु मंजूर झालें तें काय? हा ह्याचा सख्खा भाऊ आहे, एवढें विधान. त्या भावानें यावें केव्हां, ह्याविषयीं त्या कागदांत अवाक्षर नसतें. नात्याची कबुली व प्रवेशाची पाळी ह्यांच्यामध्यें कित्येकदां वीस-वीस वर्षें जातात. हें अंतर उत्पन्न कसें झालें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत असा एखादा कागद असेल. आमच्याहि कपाटांत आहे. त्याची हकीकत शेवटीं सांगूं.

ह्या इतिहासाचा आरंभ नकारानें होतो. १८८२ सालीं अमेरिकेनें चिनी मजुरांना दार लावलें. बाप नागरिक ठरला तर त्याचे मुलगे मात्र येऊं शकत. पुढें १९०६ च्या भूकंपांत व त्यामागून लागलेल्या आगींत सॅन फ्रान्सिस्को येथील जन्माचीं दप्तरें जळालीं, आणि आपण ह्याच भूमीवर जन्मलों असें सांगणें पुष्कळांस शक्य झालें. त्यांच्यामागून कागदोपत्रीं मुलगे येऊं लागले. खरा मुलगा कोणता व कागदी कोणता, हें ठरविण्यासाठीं एंजल आयलंड ह्या बेटावर १९१० पासून १९४० पर्यंत उलटतपासण्या चालत. गांवची विहीर घराच्या कोणत्या बाजूला, शेजाऱ्याचें नांव काय, असल्या प्रश्नांना बापलेकांचीं उत्तरें जुळलीं नाहींत तर नातें खोटें ठरे. नातें ही सरकारनें तपासून मंजूर करावयाची वस्तु आहे, ही कल्पना तेथें रुजली.

हिंदी लोकांची पाळी १९१७ सालीं आली. अध्यक्ष विल्सन ह्यांचा नकार डावलून झालेल्या कायद्यानें आशियाचा बहुतेक भाग वर्ज्य ठरला. १९२३ सालीं भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्यास नागरिकत्वाला अपात्र ठरविलें. १९२४ च्या कायद्यानें युरोपीय देशांचे वाटे १८९० च्या शिरगणतीवरून बांधून दिले, व नागरिकत्वाला अपात्र अशा आशियाई लोकांना वगळलें. ह्या निर्णयांच्या खालीं माणसें होतीं. वैष्णोदास बगाई १९१५ सालीं पत्नी कला व तीन मुलगे ह्यांच्यासह सॅन फ्रान्सिस्कोस गेले, तेथें त्यांनीं व्यापार केला, नागरिकत्वहि मिळविलें. थिंद-निकालानंतर तें हिरावलें गेलें, आणि १९२८ सालीं बगाईंनीं आत्महत्या केली. कॅलिफोर्नियांतील इंपीरियल खोऱ्यांत शेती करणारे पंजाबी शेतकरी, ज्यांचीं लग्नें झालीं होतीं तेहि, बायकांना आणूं शकेनात. शेंकडों शेतकऱ्यांनीं अखेर तेथल्या मेक्सिकन स्त्रियांशीं संसार मांडले. पंजाबांत मागें राहिलेल्या स्त्रियांच्या हातीं मंजुरीचा वा नामंजुरीचा कोणताच कागद नव्हता.

महायुद्ध संपल्यावर दार किलकिलें झालें. १९४६ च्या जुलैंत ल्यूस-सेलर कायद्यानें हिंदी लोकांना नागरिक होण्याचा हक्क दिला, आणि वर्षाकाठीं १०० माणसांचा कोटा. सुमारे चाळीस कोटींच्या देशाला शंभर! ही उदारता जवळजवळ वीस वर्षें पुरली.

खरा पालट १९६५ सालीं झाला. ३ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशीं बसून नव्या कायद्यावर सही केली. वंशावर आधारलेले वाटे गेले व त्यांच्या जागीं मुख्यतः कुटुंब आलें. नागरिकांच्या पति-पत्नींना, अज्ञान मुलांना व आईबापांना संख्येची मर्यादा राहिली नाहीं. इतरांचे सात वर्ग केले. त्यांत नागरिकांच्या भावंडांचा वाटा २४ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा. कौशल्यापेक्षां कुटुंबाला अग्रस्थान मिळावें असा आग्रह ओहायोचे प्रतिनिधि मायकेल फीगन ह्यांचा होता. त्यामागील हिशेब सरळ होता. अमेरिकेंत वस्ती युरोपीयांची. तेव्हां आप्तेष्ट येतील तेहि युरोपांतूनच येतील, आणि वंशाचें नांव न घेतां वंश जसाचा तसा राहील.

इतिहासाला असल्या हिशेबांची गंमत वाटत असावी. युद्धानंतर सुस्थितींत आलेल्या युरोपांतील भावांना अमेरिकेची ओढ पूर्वीएवढी उरली नव्हती. उलट नव्या कायद्याच्या कौशल्यवर्गांतून भारत, फिलिपाईन्स, कोरिया येथील डॉक्टर व इंजिनियर गेले, नागरिक झाले, आणि मग फीगन ह्यांनीं दुसऱ्यांसाठीं उघडून ठेवलेल्या कुटुंबाच्या दारांतून आपल्या भावांबहिणींना बोलावूं लागले. आमच्याकडील आनंदीबाई जोशी १८८३ सालीं गेल्या, पुढें केतकर व आंबेडकर गेले, ते सर्व विद्या घेऊन परत येण्यासाठीं. १९६५ नंतरच्या मराठी पिढीला राहण्याची वाट प्रथमच मोकळी मिळाली. ती पिढी राहिली. आणि राहिलेल्या माणसाला भाऊ आठवतोच.

आतां रांगेचें गणित पाहूं, कारण सारें मर्म त्यांत आहे. १९९० च्या कायद्यानें भावंडांच्या वर्गाला वर्षाला ६५,००० व्हिसा ठेवले. ह्या संख्येंत भावाबरोबर येणारी त्याची पत्नी व मुलेंहि मोजलीं जातात. शिवाय कोणत्याहि एका देशाला एकूण व्हिशांच्या सात टक्क्यांहून अधिक मिळूं नयेत असा निर्बंध. ढोबळ मानानें भारताच्या वाट्याला ह्या वर्गांत सुमारे साडेचार हजार येतात. आइसलंडला लागू असलेला निर्बंधहि तोच. सर्वांना एकच माप लावलें म्हणजे न्याय झाला, अशी ही समजूत आहे. पंगतींत राममूर्तीला व तान्ह्या बाळाला एकेक पोळी वाढून पंक्तिप्रपंच केला नाहीं असें म्हणण्यासारखेंच हें आहे.

अर्ज दाखल झाला तो दिवस म्हणजे त्या कुटुंबाचा रांगेंतील क्रमांक. दर महिन्याला परराष्ट्रखातें एक पत्रक काढतें व कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली तें सांगतें. ती तारीख महिन्याला एक महिना पुढें सरकत नाहीं. कधीं आठवडाभर सरकते, कधीं जागची हालत नाहीं, कधीं मागेंहि जाते. २०२४ च्या अखेरीस भारतीय भावंडांसाठीं हें पत्रक २००६ सालचे अर्ज घेत होतें, व मेक्सिकोच्या भावंडांसाठीं २००१ सालचे. नोव्हेंबर २०१५ मध्यें अशा निरनिराळ्या रांगांतून उभ्या असलेल्या माणसांची सरकारी गणना ४५ लाखांवर गेली होती. मुंबईच्या जुन्या रहिवाशांना ब्रीच कँडीवरील लिंकन हाऊस, म्हणजे पूर्वीचा वांकानेरच्या महाराजांचा प्रासाद, आठवत असेल. २०११ पर्यंत अमेरिकेची वकिलात तेथें होती, व पहांटेपासून बाहेरच्या रस्त्यावर माणसांची ओळ लागे. ती दिसणारी ओळ कांहीं तासांची होती. वर्षानुवर्षांची ओळ रस्त्यावर दिसत नाहीं. ती घराघरांत उभी असते.

वाट पाहण्यानें माणसें थकतात, एवढेंच असतें तर आम्ही हा लेख लिहिला नसता. प्रतीक्षेनें नातींच बदलतात. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या निशाणाखालीं लढलेल्या फिलिपिनो सैनिकांना १९९० च्या कायद्यानें नागरिकत्व दिलें. सुमारे २६,००० वृद्धांनीं तें घेतलें, आणि आपल्या वयांत आलेल्या मुलांसाठीं अर्ज केले. अर्ज मंजूर झाले; पाळी येईना. २०१६ सालीं सरकारनें त्या मुलांना तात्पुरत्या प्रवेशाची सवलत दिली, तेव्हां हयात असलेले बहुतेक बाप नव्वदीच्या आसपास होते. पुष्कळसे त्यापूर्वींच गेले होते. सामान्य नियम असा कीं अर्जदार वारला म्हणजे त्याचा अर्जहि संपतो. त्याला अपवाद आहेत, पण ते सवलतीचे. मंजूर झालेलें नातें बापाच्या मृत्यूनें नामंजूर होतें, हें तर्कशास्त्र आम्हांस कोणत्याहि स्मृतिग्रंथांत आढळलें नाहीं.

दुसरा फेरा वयाचा. भावाच्या अर्जांत त्याचीं मुलें मोजलीं जातात, पण तीं एकवीस वर्षांच्या आंत असतील तोंवरच. प्रतीक्षेंत मुलें वाढतात हें विधिमंडळाच्याहि लक्षांत आलें, आणि २००२ सालीं एक कायदा झाला. त्याचा हेतु चांगला होता. अर्ज विचाराधीन असण्यांत जो काळ गेला, तो मुलाच्या वयांतून वजा करावा, असें त्यानें ठरविलें. परंतु मंजुरीनंतर रांगेंत गेलेला काळ वजा होत नाहीं. म्हणजे कारकुनानें अर्ज पांच वर्षें टेबलावर ठेवला तर मुलगा पांच वर्षांनीं लहान होतो. आणि तत्परतेनें सहा महिन्यांत मंजूर केला तर मुलाचें बालपण सहा महिनेच वाढतें. जितकी मंजुरी लवकर, तितकें मूल लवकर परकें! रोझालिना कुएलार दे ओसोरियो ह्या बाईंसाठीं त्यांच्या आईनें १९९८ सालीं अर्ज केला, तेव्हां बाईंचा मुलगा तेरा वर्षांचा होता. २००५ च्या नोव्हेंबरांत पाळी आली. त्याला एकवीस पुरीं होऊन कांहीं महिनेच लोटले होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ सालीं, न्यायाधीशांत मतभेद होऊन, निकाल बाईंच्या विरुद्ध लागला. मुलानें रांगेच्या शेवटीं जाऊन उभें राहावें, असा त्याचा अर्थ.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. कोणत्याहि राष्ट्राला आपल्या उंबरठ्याचा मालक असण्याचा अधिकार आहे. भाऊ आला म्हणजे वहिनी येते, वहिनीमागून तिचा भाऊ येऊं पाहतो, आणि साखळीला अंत राहत नाहीं, ह्या आक्षेपांत तथ्य आहे. बार्बरा जॉर्डन ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १९९५ सालीं भावंडांचा वर्ग सरळ बंद करावा अशी शिफारस केली होती. आम्हांला ती कठोर वाटते, पण प्रामाणिकहि वाटते. विधिमंडळानें ती स्वीकारली नाहीं आणि व्हिशांची संख्याहि वाढविली नाहीं. ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य नाहीं व ‘हो’ म्हणण्याची इच्छा नाहीं, अशा मनःस्थितींतून ही रांग जन्मली. १९२४ चा कायदा निर्दय होता, पण त्यानें कोणाला पेढे वाटावयास लावले नाहींत. पूर्वी माणसाला वंशावरून अडवीत. आतां वर्षें मोजून अडवितात, आणि अडवल्याचा दोष कोणाकडेच राहत नाहीं.

आतां आमच्या कपाटांतील कागद. आमच्या वडील भगिनीनें २००६ च्या जानेवारींत आमच्यासाठीं अर्ज केला. आमच्या मुलाला तेव्हां सहावें वर्ष चालू होतें. २००८ च्या जुलैंत मंजुरी आली. अडीच वर्षांत काम झालें ह्याचा आम्हां सर्वांस आनंद झाला; तो आनंद किती महागाचा होता, हें कळावयास सोळा वर्षें लागलीं. त्या अवधींत आई गेली, ताईचे केस पिकले, आम्ही विभागप्रमुख झालों, मुलगा शिकून नोकरीला लागला. २०२४ च्या पावसाळ्यांत पाळी आली, तेव्हां त्याला चोवीस नुकतीं पुरीं झालीं होतीं. त्यांतून अडीच वजा केलीं; उरलीं साडेएकवीस. मंजुरी आणखी सातआठ महिने लांबती, तर तो आमचा मुलगा राहता.

ताईनें फोनवर विचारलें, “मग तुम्ही दोघं तरी येतां ना?” आमच्या सौभाग्यवतीनें आमच्याकडे पाहिलें. अठरा वर्षें एका भावंडाजवळ जाण्याची वाट पाहिली, आणि दार उघडलें तेव्हां उंबरठ्याच्या अलीकडे मूल उभें होतें. आम्ही गेलों नाहीं. त्या वर्षीं भाऊबीजेला ताईच येथें आली, तीन आठवड्यांच्या रजेवर. ओवाळून झाल्यावर तिनें त्या कागदाचें काय करावयाचें असें विचारलें. राहूं द्या म्हटलें. आपण दोघें भाऊबहीण आहों, असें एका मोठ्या सरकारनें तपासून लिहून दिलें आहे. एवढ्या कामापुरता तो अजून खरा आहे.