रुमालाची वंशावळ

धायरीत जागा घ्यायची ठरली की वकील आधी सातबारा मागतात, मग फेरफार, मग त्यामागचे फेरफार. हवेली तालुक्यातले हे गाव २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या अकरा गावांपैकी एक. शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी जमिनीचा पूर्वेतिहास गावनमुन्यांतच आहे. तो शोधत मागे गेले की एका टप्प्यावर अक्षरे मोडी होतात आणि काम अडते. आता हे वाचायला कृत्रिम बुद्धिमत्ता येत आहे. तिच्याकडून काय मागावे हे ठरवायचे, तर आपल्याकडे कागद लावण्याची आणि शोधण्याची रीत कशी घडत गेली ते पाहायला हवे.

मराठेशाहीत दप्तर रुमालात बांधत. चौकोनी कापडात कागद ठेवून गाठ मारायची, की झाला रुमाल. पण कागद बांधून ठेवला म्हणजे सापडतोच असे नाही. पेशव्यांच्या कारकुनांना हे पक्के ठाऊक होते. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने नोंदी होत. एकबेरीज दप्तरात इतर दप्तरांचे हिशेब येत आणि त्यांवरून ताळेबंद, तर्जुमे, खतावण्या तयार होत. खतावणीत त्याच नोंदी विषयवार लागत, त्यामुळे पुढे एखादी बाब पाहायची तर सगळी रोजकीर्द उलगडावी लागत नसे. शोधण्याचे कष्ट कारकून आधीच करून ठेवत असे. आजच्या शोधयंत्राचा आपला पूर्वज ही खतावणीच.

१८१८ नंतर दप्तर इंग्रजांच्या हाती गेले आणि कागदांना विचारला जाणारा प्रश्न बदलला. १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनला एवढेच हवे होते, की इनाम कोणाचे आणि त्याला आधार कोणता. ज्या घराची सनद सापडली नाही, त्याचे उत्पन्न धोक्यात आले. कागद सापडण्या-न सापडण्यावर घराण्यांचे भवितव्य ठरू लागले.

१८९१ मध्ये पुण्यात या दप्तरासाठी दगडी इमारत झाली. तेच आजचे पुणे पुरालेखागार. तिथे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. अभ्यासकांना मात्र ते सहज पाहायला मिळत नव्हते. वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या घरांतून कागद मिळवले, १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरकारी दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. काम अफाट होते, पण शेवटी ती निवड होती. राजकीय पत्रांना त्यात मोठी जागा मिळाली. गावोगावच्या हिशेबांचा बहुतेक भाग रुमालातच राहिला.

कागदांच्या या वंशावळीची दुसरी शाखा गावाकडची. १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यातून सर्व्हे नंबरांची घडी तयार झाली. १९०३ च्या कायद्याने हक्काचे पत्रक आले. हे कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाववार बांधले गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. जुन्या कागदांचे स्कॅनिंगही झाले. पण स्कॅन म्हणजे फोटोच. मोडीतले नाव देवनागरीत टाइप करून त्यात शोधता येत नाही.

याची किंमत २०२३ मध्ये साऱ्या राज्याला कळली. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, गावनमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बाहेर निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

२०२५ मध्ये रुरकी आयआयटीच्या संशोधकांनी पुण्याच्या सीओईपीतील सहकाऱ्यांसह मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली. तिच्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा जमवल्या. शिकवण्याची रीत अशी, की पानाची प्रतिमा आणि जाणकाराने केलेले त्याचे वाचन शेजारी ठेवायचे. युरोपात इन्सब्रुकमध्ये घडलेले ट्रान्सक्रिबुसही हस्ताक्षर असेच शिकते. म्हणजे यंत्राचे वाचन मोडी वाचकाच्या विद्येवर उभे आहे.

मोडी सोपीही नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सन ‘सलास सबैन मया व अलफ’ असा येतो. तीन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर ११७३, म्हणजे इ. स. १७७२-७३. खरा धोका मात्र वेगळा आहे. जिथे अक्षर लागत नाही तिथे माणूस अडतो, विचारतो, जागा कोरी ठेवतो. असे यंत्र तिथे ओळखीचा शब्द बसवून वाक्य पुरे करू शकते. जातीच्या रकान्यात ‘कु’ एवढेच असेल आणि यंत्राने पुढचा शब्द स्वतः लिहिला, तर तो पुरावा नव्हे, तर्क झाला. त्यावर कोणाचा दाखला किंवा कोणाचा सातबारा ठरता कामा नये.

म्हणून यंत्राला खतावणीचे काम द्यावे. धायरीचे नाव कोणत्या रुमालात, कोणत्या पानावर आहे, एवढे त्याने सांगावे. प्रत्येक वाचनाशेजारी मूळ पानाची प्रतिमा आणि रुमालाचा क्रमांक राहावा. शंकास्पद अक्षर शंकास्पद म्हणूनच दिसावे. निर्णयाआधी मोडी जाणणाऱ्याने पान वाचून सही करावी आणि त्याने केलेली दुरुस्ती यंत्राच्या शिक्षणात जमा व्हावी. पुरालेखागार आणि जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय दोन्ही पुण्यातच आहेत. एका हवेली तालुक्यापासून सुरुवात करणे सहज शक्य आहे. मात्र ज्या आदेशाने यंत्राला मंजुरी मिळेल, त्याच आदेशात मोडी वाचकांची कायम पदेही असली पाहिजेत.