एरियलची नाडीपरीक्षा

श्रोतेहो, रेडिओचा संच घरांत येतो तेव्हां सर्वांचें लक्ष त्याच्या पेटीकडे असतें. छपरावरच्या तारेकडे सहसा कोणी पाहत नाहीं. नुसतें ऐकणाऱ्याचें त्यावांचून फारसें अडतहि नाहीं. परंतु ज्याला स्वतः आकाशांत बोलावयाचें आहे, अशा हौशी रेडिओवाल्याची गोष्ट निराळी. परीक्षा देऊन तो परवाना मिळवितो, पदरमोड करून प्रेषक यंत्र सिद्ध करतो. पण त्या यंत्राची शक्ति आकाशांत सोडण्याचें काम शेवटीं एका तारेकडे असतें. तिलाच आपण एरियल किंवा अँटेना म्हणतों. ती तार ही शक्ति स्वीकारण्यास राजी नसेल, तर खालचें सारें वैभव फुकट. आणि ती राजी आहे कीं नाहीं, हें डोळ्यांना दिसत नाहीं. या अदृश्य राजीनाराजीचा ठाव घेण्यासाठीं माणसानें गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत काय काय केलें, आणि त्या खटाटोपांतून आज हातांत मावणारें अँटेना ॲनलायझर नांवाचें उपकरण कसें निपजलें, हें आज सांगावयाचें आहे.

या कथेचा आरंभ जर्मनींतील कार्ल्सरुहे येथें होतो. १८८७-८८ सालीं हाइनरिख हर्ट्झ यांनीं ठिणगीच्या साहाय्यानें विद्युल्लहरी निर्माण केल्या आणि समोर जस्ताचा पत्रा उभा केला. लहरी त्यावर आपटून परत फिरत. जाणाऱ्या व येणाऱ्या लहरींचा मिलाफ होऊन कांहीं जागीं पूर्ण जोर व कांहीं जागीं जवळजवळ शून्य, अशी एक स्थिर मांडणी तयार होई. तारेचें एक कडें घेऊन हर्ट्झ अंधारांत पुढें सरकत, आणि कड्याच्या फटींतील बारीक ठिणगी कोठें उजळते, कोठें विझते, हें पाहत. लगतच्या दोन विझलेल्या जागांमधलें अंतर म्हणजे अर्धी लहर. पुढें थोड्याच काळांत ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट लेखर यांनीं हाच प्रयोग दोन समांतर तारांवर करून दाखविला.

यांतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. लहरीला लांबी असते व ती गजानें मोजतां येते, ही पहिली. आणि जी लहर स्वीकारली जात नाहीं ती मागें फिरते व आपल्या परतीच्या खुणा वाटेवर सोडून जाते, ही दुसरी. एरियलच्या परीक्षेचें पुढील सर्व शास्त्र या दोन गोष्टींवर उभें आहे.

पहिल्या गोष्टीचा हिशेब सोपा आहे. कंपनसंख्या मेगाहर्ट्झमध्यें घेऊन तिनें ३०० ला भागलें, म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्यें मिळते. साध्या एरियलची तार या लांबीच्या निम्मी, पण टोकांच्या परिणामामुळें शेंकडा पांच इतकी कमी ठेवावी लागते. कागदावर हें एवढेंच. प्रत्यक्षांत मात्र शेजारची भिंत, पाण्याची टाकी, जमिनीपासूनची उंची, या सर्वांचा परिणाम तारेवर होतो, आणि कागदावरची तार व गच्चीवरची तार यांत अंतर पडतें.

आरंभीच्या हौशी मंडळींपाशीं हें अंतर मोजण्याचें साधन जवळजवळ नव्हतें. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें त्यांना २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींवर ढकलून दिलें, कारण त्या काळीं त्या लहरी निरुपयोगी समजल्या जात. तरीहि डिसेंबर १९२१ मध्यें पॉल गॉडली यांनीं स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथें तंबू ठोकून, शेंकडों फूट लांबीची तार जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणून, अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांतल्या हौशी केंद्राचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्सच्या लेओं देलोय यांनीं सुमारें ११० मीटरच्या लहरीवर अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांच्याशीं अटलांटिकपार संभाषण केलें. टाकाऊ म्हणून दिलेली जमीन सुपीक निघाली! पण हीं मंडळी एरियल जुळवीत कशी? तारेंत एखादा लहानसा दिवा किंवा उष्णतेनें चालणारा विद्युन्मापक घालावा आणि तो अधिकांत अधिक उजळेपर्यंत वेटोळ्याचे फेरे बदलीत राहावें, हीच रीत. दिवा उजळला कीं तारेंत प्रवाह आहे एवढें कळे. तो कां कमी पडतो, हें कळत नसे.

मुंबईकरांस या विषयांतील एक आंकडा विशेष स्मरणीय वाटेल. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हिंदुस्थानांतील हौशी परवाने बंद झाले. परंतु ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळांत उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा बदलीत बदलीत मुंबईंतून गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्या केंद्राची ओळख त्याच्या लहरीच्या लांबीनें होई : ४२.३४ मीटर. वरील हिशेबानें ही कंपनसंख्या सुमारें ७.०९ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे आज हौशी मंडळी ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात त्यांतलीच. आणि तिला साजेशी अर्ध्या लहरीची तार होते सुमारें वीस मीटर. ज्याला दर थोड्या दिवसांनीं बिऱ्हाड बदलावयाचें आहे, त्याच्या दृष्टीनें एरियल चटकन जुळविणें म्हणजे काय, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

आतां दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे परत फिरणाऱ्या लहरीकडे वळूं. जाड दोर व बारीक सुतळी यांची गांठ मारून दोराला एक झटका द्यावा. गांठीपाशीं त्याचा कांहीं भाग पुढें जातो, कांहीं मागें फिरतो. यंत्राकडून एरियलकडे जाणारी केबल आणि एरियल यांचें असेंच आहे. केबलचा स्वाभाविक रोध बहुधा ५० ओहम असतो. एरियलचा तितकाच असेल तर कांहींच परत येत नाहीं. तसा नसेल तर केबलवर हर्ट्झच्या त्या खोलींतल्यासारख्या स्थिर लहरी उभ्या राहतात. त्यांतील सर्वांत अधिक व सर्वांत कमी दाब यांच्या प्रमाणास हौशी लोक एस. डब्ल्यू. आर. म्हणतात. हें प्रमाण एक असेल तर उत्तम. दीड असेल तर शक्तीचा शेंकडा ४ भाग परततो, दोन असेल तर ११, तीन असेल तर २५.

हा सर्व व्यवहार गणितानें सोडविणें मोठें जिकिरीचें होतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतले फिलिप स्मिथ यांनीं तें एका वर्तुळाकार आलेखांत बसविलें व जानेवारी १९३९ मध्यें तो प्रसिद्ध केला. जपान व रशिया येथील संशोधकहि त्याच सुमारास स्वतंत्रपणें याच कल्पनेपाशीं पोंचले होते. स्मिथ स्वतः हौशी रेडिओवाले होते, हें येथें मुद्दाम सांगण्यासारखें आहे.

महायुद्धानंतर समाक्ष केबल, म्हणजे आंत एक तार व भोंवतीं जाळीचें वेष्टण असलेली केबल, स्वस्तांत मिळूं लागली. तत्पूर्वींच्या उघड्या दुहेरी तारांत शक्तीचा अपव्यय इतका थोडा होई, कीं परतलेल्या लहरीची कोणी फिकीर करीत नसे. नव्या केबलबरोबर ती फिकीर आली. एप्रिल १९५९ मध्यें वॉरन ब्रून यांनीं ‘क्यूएसटी’ मासिकांत जाणारी व परतणारी शक्ति वेगवेगळी दाखविणाऱ्या मापकाची रचना समजावून दिली, आणि पुढें असे मापक हौशी टेबलावर सर्रास दिसूं लागले. त्यानंतरच्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांना परतलेली लहर मुळींच सोसत नाहीं. तीं आपण होऊन आपला जोर आवरतात. त्यामुळें मापकाच्या कांट्याची धास्ती आणखी वाढली.

पण या मापकाचा एक मोठा दोष होता. तो वापरावयाचा तर प्रेषक यंत्र चालू करून आकाशांत शक्ति सोडावी लागे. मोजमाप चालू असतां जगभर एक कर्कश शीळ ऐकूं जाई आणि त्याच लहरीवर दुसऱ्या कोणाचें संभाषण असेल तर तें बुडे. शिवाय कांटा वर चढला तर तार लांब झाली कीं आंखूड, हें एका दृष्टिक्षेपांत कळत नसे. पुन्हां गच्चीवर चढा, वीतभर कापा, पुन्हां खालीं या!

अँटेना ॲनलायझरनें हा दोष काढून टाकला. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील स्टार्कव्हिल येथील एमएफजे या कंपनीचें ‘२५९’ हें यंत्र हौशी जगांत घरोघर पोंचलें. मूठभर सेलांवर चालणाऱ्या त्या पेटींत एक लहानसा आंदोलक, पन्नास ओहमांचा एक सेतु व दाब मोजणारे डायोड असत. आंदोलक अत्यंत क्षीण लहर तारेंत सोडतो, सेतु तिची परत आलेली लहर तोलतो, आणि कांटे एस. डब्ल्यू. आर. व रोध दाखवितात. मोठ्यानें न ओरडतां तारेच्या कानांत कुजबुजून तिचें उत्तर ऐकावें, तसा हा प्रकार. १९७२ मध्यें निघालेल्या या कंपनीनें आपलें उत्पादन मे २०२४ मध्यें थांबविलें. पण तिचीं यंत्रें आजहि हौशी लोकांच्या हातांत आहेत.

वापरण्याची रीत अवघड नाहीं. आधीं केबलचीं दोन्ही अंगें एकमेकांस टेकवून तारेवर सांचलेली वीज काढून टाकावी, नाहींतर नाजूक डायोड जळतात. मग यंत्र जोडून कंपनसंख्येची खुंटी सावकाश फिरवावी व कांटा कोठें सर्वांत खालीं येतो तें पाहावें. समजा, आपणांस ७.१ वर बोलावयाचें आहे आणि कांटा ६.९ वर बसला. याचा अर्थ तार लांब आहे. ७.१ साठीं ती सुमारें २०.१ मीटर हवी, ६.९ ला ती २०.७ ची असते. तेव्हां दोन्ही टोकांकडून सुमारें २९ सेंटिमीटर कमी करावी. कापण्याऐवजीं दुमडून ठेवावी, हें अधिक शहाणपणाचें. कारण कापलेली तार पुन्हां वाढत नाहीं. जवळ एखादें जोरदार प्रक्षेपण केंद्र असेल तर त्याची शक्ति तारेंतून आंत शिरून डायोडांना चकविते, ही गोष्टहि लक्षांत ठेवावी.

२०१६ च्या सुमारास जपानांतील एका हौशी अभियंत्यानें याहून लहान, पण परतणाऱ्या लहरीचें प्रमाण व तिचा क्रम ही दोन्ही मोजणारें नॅनो-व्हीएनए हें यंत्र योजिलें व त्याची रचना सर्वांस खुली केली. २०१९ पासून चिनी कारखान्यांतून त्याच्या आवृत्त्या अगदी थोड्या किमतींत मिळूं लागल्या. त्याच्या पत्त्याएवढ्या पडद्यावर स्मिथ यांचा १९३९ चा आलेख आपोआप उमटतो. एके काळीं पट्टी व कंपास घेऊन जी आकृति काढण्यांत संध्याकाळ जाई, ती आज क्षणांत तळहातावर दिसते.

तथापि, श्रोतेहो, एवढ्यावर थांबलों तर मीं आपणांस अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. एका पावसाळ्यानंतर दोन मीटरच्या लहरीवर माझ्या हांकेला कोणी उत्तर देईना. उपकरण लावून पाहिलें, तों एस. डब्ल्यू. आर. अवघा १.२! इतका सुरेख आंकडा पूर्वी कधींच दिसला नव्हता. दोन दिवस मीं यंत्रालाच दोष दिला. शेवटीं गच्चीवर जाऊन केबल एरियलपासून सोडली आणि खालीं येऊन पाहतों, तों कांटा होता तेथेंच. वरच्या सांध्यांतून पाणी झिरपून सगळी केबल भिजली होती. जातांना दहांतले नऊ भाग ती गिळी, टोकापासून परततांना उरलेल्याचेहि नऊ भाग गिळी. शंभरांतला एकच भाग परत येई, आणि उपकरण मला सांगे कीं सर्व कांहीं ठीक आहे. त्यानें खोटें सांगितलें नव्हतें. ‘किती परत आलें?’ एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर त्यानें चोख दिलें होतें. ‘किती पोंचलें?’ हें मीं विचारलेंच नव्हतें.

पन्नास ओहमांचा एक साधा रोधक एरियलच्या जागीं जोडला, तर एस. डब्ल्यू. आर. अगदी एक येतो. परंतु त्यांतून शेजारच्या खोलींतहि धड आवाज जाणार नाहीं. अमेरिकन अभियंते वॉल्टर मॅक्सवेल यांनीं एप्रिल १९७३ पासून ‘क्यूएसटी’मध्यें लेखमाला लिहून हाच भ्रम दूर करण्याचा यत्न केला. केबल चांगली असेल तर थोडी लहर परतल्यानें कांहीं बिघडत नाहीं. उलट, आंकडा चांगला आहे म्हणून एरियलहि चांगली आहे, असें नव्हे, हें त्यांनीं पुनःपुन्हां सांगितलें.

आतां कोणी म्हणेल, या तारेच्या कौतुकाचें इतरांना काय? २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली तेव्हां भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं हौशी रेडिओवाल्यांचें एक पथक योगायोगानें पोर्ट ब्लेअर येथें होतें. तें दूरदेशींच्या हौशी केंद्रांशीं संभाषणें करण्यासाठीं तेथें गेलें होतें. पण तारायंत्रें व टेलिफोन कोलमडल्यावर त्याच यंत्रांवरून अंदमानांतील माणसांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊं लागले. अशा प्रसंगीं तार कोठें बांधावयास मिळेल याचा नेम नसतो, आणि ती चारदां उतरवून कापण्यास वेळहि नसतो. तेव्हां खिशांतील उपकरण घटकाभरांत सांगतें कीं तार लांब आहे कीं आंखूड, आणि तें खरें सांगतें.

मात्र निरोप पोंचला कीं नाहीं, हें तें सांगत नाहीं. तें पलीकडचा माणूसच सांगतो. वैद्य नाडी पाहतो, पण ‘आतां कसें वाटतें?’ हेंहि विचारल्यावांचून राहत नाहीं. चांगल्या रेडिओवाल्यानेंहि कांटा पाहून झाल्यावर उपकरण बाजूस ठेवावें, हांक द्यावी, आणि कान देऊन ऐकावें.