देवराईपासून मचाणापर्यंत
पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कारखानदारी पुढे चाकणपर्यंत पसरली. हा सारा पट्टा ज्या भीमेच्या खोऱ्यात वसला, तिच्या उगमाकडचे रान राखण्याची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. भीमाशंकर परिसरातील महादेव कोळ्यांच्या गावांनी देवराया, म्हणजे देवाच्या नावाने सोडलेली आणि कुऱ्हाडीला वर्ज्य असलेली राने, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, आणि माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केल्यावर या बिनपगारी राखणीचे मोल विद्वानांनाही उमगले. शेकरू या मोठ्या खारीचा अधिवास असलेले हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले. पुढे बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर, म्हणजे झाडावर बांधलेल्या माळ्यावर, रात्रभर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याच्या वनखात्याच्या उपक्रमात शहरी हौशी स्वयंसेवकही सामील होऊ लागले. एकच प्राणी दोनदा मोजला जाण्याचा धोका असल्याने ही गणना शास्त्राच्या कसोटीस पुरती उतरत नाही, म्हणून अलीकडे तिला ‘निसर्गानुभव’ असे अधिक प्रामाणिक नाव मिळाले आहे. परदेशी अभयारण्यांत अशा कामासाठी स्वयंसेवकालाच बहुधा मोठे शुल्क मोजावे लागते. देवराईच्या राखणदाराला हा व्यवहार अजबच वाटला असता.