संशय आला, मोकळीक मागे राहिली

परवा सुटीत आलेल्या नातवाने लॅपटॉपवर एक जुना स्वीडिश चित्रपट लावून दिला. इंगमार बर्गमनचा, १९५५ सालचा, 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट'. त्यातला सरदार स्वतः बाहेर एक नटी ठेवून आहे, पण बायकोजवळ दुसरा पुरुष दिसताच पिस्तूल काढतो. काडतुसात मात्र नुसती काजळी! समोरच्याचे तोंड तेवढे काळे होते. मी म्हटले, अरे, हा तर आपला फाल्गुनराव!

फाल्गुनरावाचे मूळ घराणे युरोपातलेच. मोलिएरने १६६० साली 'स्गानारेल' हे प्रहसन लिहिले. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' केले आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 'संशयकल्लोळ'. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. हरवलेली तसबीर, तिच्यावरून उठलेले वादळ, सगळे जसेच्या तसे आले. कृत्तिकाही नवऱ्यावर तेवढाच संशय घेते.

एक गोष्ट मात्र देवलांना बदलावी लागली. इंग्रजी नाटकातली नायिका घरंदाज मुलगी आहे आणि ती आपल्या मनाने प्रेम करते. आपल्याकडे तेव्हा घरंदाज मुलीला ती मुभा कुठली? म्हणून रेवती नायकिणीची मुलगी झाली. तीही रंगवली बालगंधर्वांनी, म्हणजे पुरुषानेच. मत्सर समुद्र ओलांडून सहज आला. बाईची मोकळीक मात्र अशी आडवाटेने आली.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट, मंडई, आणि मग रात्रभर नाटक. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आम्ही दोघे असेच एक नाटक पाहायला गेलो होतो. संशयी नवऱ्याची फजिती पाहून मी पोट धरून हसलो. पहाटे परतताना हिला विचारले, "तुझ्यामागे बसून हसत होता तो कोण?" ही घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी नाटकाला आलीच नाही. कारण मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

परवा ही शेजारी बसून चित्रपट पाहत होती. काजळीच्या प्रसंगाला नातू खदखदून हसला. हिने नुसते माझ्याकडे पाहिले.

रंगमंचावरच्या संशयाला आपण हसतो, कारण तो दुसऱ्याचा असतो. असो. त्या पहाटेबद्दल 'चुकलो' म्हणायला मला इतकी वर्षे लागली. परवा म्हटले.