न्हाणी, चुना आणि साडेत्रेसष्ट अंश

बाथरूमच्या छतावर काळे ठिपके दिसले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘घासत नाहीस का?’ आणि तो नेहमी घरातल्या बाईलाच विचारला जातो. मी वास्तुविशारदाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. बाथरूम-संडासाचे तपशील काढण्यातच माझा बराचसा काळ गेला. त्या अनुभवावरून सांगते, हा प्रश्न भलत्याच माणसाला विचारला जातो. ज्या भिंतीला ना ऊन ना वारा, ती कितीही घासली तरी महिन्याभरात पुन्हा काळी पडणार. आपल्या घरांतून ऊन-वारा कसा गेला हे कळल्याशिवाय या बुरशीचा बंदोबस्त होणार नाही.

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. तिथे न्हाणी घरात नव्हतीच. मागच्या पडवीपासून चार पावलांवर, विहीर आणि आगर यांच्या मधे, जांभ्याच्या चिऱ्यांच्या पुरुषभर उंचीच्या भिंती. अर्ध्या भागावर कौलं, अर्धा भाग उघडा. खाली काळ्या दगडाची धोंड, तिला बेताचा उतार. भिंतीच्या पायाशी मोरीचं भोक. तिथून पाणी पन्हळीने अळवात जायचं आणि उरलेलं केळींना. कौलांखाली चूल आणि तिच्यात बसवलेला तांब्याचा हंडा. पहाटे पातेरा आणि नारळाची सोडणं घालून चूल पेटवली की सोडणं दुपारपर्यंत धुमसत राहायची. हंड्यामागची भिंत काजळीने काळी झालेली असे, पण हात लावला तर ऊबदार आणि कोरडी. त्या भिंतीला मी कधी बुरशी पाहिली नाही.

पावसाळ्यात धोंडेवर शेवाळ मात्र यायचं, पाय सटकायचा. आजी चुलीतली राख धोंडेवर पसरायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि मग सोडणाने खसाखसा घासून काढायची. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, तेलकट थर ते सोडवतं. बुरशी आणि शेवाळ धरतं ते अशाच थरावर. या न्हाणीचे गोडवे गाताना एक विसरू नये: तो धूर बायकांच्या डोळ्यांत जायचा, पाणी बायकाच शेंदायच्या आणि आडोसा अपुरा म्हणून उजाडायच्या आत आंघोळ उरकायची. न्हाणी घरात यावी असं आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला वाटत होतं, आणि ते रास्तच होतं.

दिवाळीच्या आधी चुना. कळीचा चुना आणून जुन्या पिंपात भिजवायचा. पाणी घातलं की तो खदखदायला लागतो, वाफा निघतात. पोरांना तिथे फिरकू देत नसत. दोन दिवस मुरला की फडक्यातून गाळायचा, चिमूटभर नीळ घालायची आणि कुंच्याने दोन हात द्यायचे, पहिला उभा, दुसरा आडवा. ओल्या भिंतीवर तो राखाडी, जेमतेम दिसणारा असतो. वाळत जातो तसा पांढरा उमटतो. ताज्या भिजवलेल्या चुन्याचा सामू बाराच्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी थरावर बुरशीला जगता येत नाही. पुढे हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होत जातो आणि त्याचा तो गुण ओसरतो. म्हणून दरवर्षी नवा हात. शिवाय चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते. पिढ्यान् पिढ्या लोक हे करत आले ते सणासाठी, पण भिंतीला त्याचा फायदा व्हायचाच.

आता मुंबईकडे येते, कारण न्हाणी घरात आली ती खऱ्या अर्थाने तिथे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि शहर हादरलं. तेव्हा समज असा की रोग ओलीतून, घाणीतून, कोंदट हवेतून येतो. म्हणून घरोघरी भिंतींना चुना फासला गेला, जंतुनाशकं शिंपली गेली, काही ठिकाणी उजेड आत यावा म्हणून छपराची कौलं उतरवली. पुण्यात १८९७ साली हेच काम लष्कराच्या हातून, घरांत घुसून झालं आणि त्याचा संताप प्लेगच्या कामावरचे अधिकारी रँड यांच्या खुनापर्यंत गेला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. म्हणजे चुन्याने प्लेग थांबणार नव्हताच. पण त्या धसक्यातून याच शहरात एक विचार रुजला, की घराला उजेड आणि वारा मिळणं ही कायद्याने पाहायची गोष्ट आहे.

१८९८ मध्येच मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या जोत्याशी रेषा काढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन ६३.५ अंशांहून जास्त असू नये. भूमितीचा भाग काढून टाकला तर अर्थ सोपा आहे: मधे जेवढी मोकळी जागा, त्याच्या दुपटीपेक्षा उंच बांधू नका. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिलं आणि हा नियम लावून धरला. त्या काळच्या चाळींत हवेशीर खोलीचं भाग्य सर्वांना मिळालं असं मुळीच नाही. पण मोजमाप ठरलं होतं.

लग्नानंतर मी गिरगावातल्या चाळीत आले. तिथे न्हाणीची मोरी झाली होती. खोलीच्या कोपऱ्यात, चुलीच्या ओट्याला लागून, तीन बाय तीनची, कडेला वीतभर कठडा, बाजूला पाण्याचं पिंप. आंघोळ, भांडी, तांदूळ धुणं, सगळं तिथेच. ओलीची जागा घराच्या पोटात आली खरी, पण चाळीला समोरून गॅलरी होती, मागे खिडकी होती, दार दिवसभर सताड उघडं असे. पाणी यायचं ठरावीक वेळेला. ते गेलं की मोरी पुसून कोरडी व्हायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडीच राहायची. मोरीमागच्या भिंतीवर पोपडे असायचे, काळे ठिपके क्वचितच.

चाळीचं बिघडलं ते वेगळ्याच कारणाने. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना त्याचा आधार होता, मलाही झाला. पण भाड्यात खर्च निघेना म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली आणि वर्षाचा चुनाही बंद झाला. मग ज्याने-त्याने आपापल्या खोलीला डिस्टेंपर लावला. तो अंगाला लागत नाही, रंगही छान, पण त्यात चिकटपणासाठी केसिन किंवा सरस घातलेला असतो, आणि भिंत ओली राहिली तर बुरशीला ते खाद्यच मिळतं. बुरशीला मारक थराच्या जागी तिला पोसणारा थर आला आणि तो सुधारणा म्हणून आला.

फ्लॅटच्या काळात उरलेलं सगळं झालं. बंबाच्या जागी गीझर आला, त्यामुळे गरम पाणी राहिलं आणि भिंत सुकवणारी धग गेली. धोंडेच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या. टाइलला बुरशी धरत नाही, पण दोन टाइल्समधलं व्हाइट सिमेंट सच्छिद्र असतं. साबणाचा आणि अंगाच्या तेलाचा अंश त्यात साठतो आणि पहिली काळी रेघ तिथेच उमटते. १९७०च्या राष्ट्रीय इमारत संहितेने बाथरूमला बाहेरच्या हवेत किंवा वायुवीजनाच्या शाफ्टमध्ये उघडणारी खिडकी हवी असं घातलं. त्यातल्या दुसऱ्या पर्यायाचं आमच्या ड्रॉइंग बोर्डवर डक्ट झालं. सात मजल्यांची, एकवीस मीटर उंच इमारत घ्या. ट्रस्टच्या हिशेबाने समोर साडेदहा मीटर मोकळं हवं. तो नियम राहत्या खोल्यांसाठी होता हे मान्य. तरी दीड-दोन मीटर रुंदीच्या डक्टच्या तळाशी, पाइपांच्या जंगलात, पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमला काय मिळत असेल ते ताडून पाहता येतं. आंघोळीची वाफ वर जाते, छताला लागून थंड होते, तिथेच पाणी होऊन बसते. काळे ठिपके आधी छताच्या कोपऱ्यात का दिसतात त्याचं उत्तर हे आहे.

ज्यांच्या घरी ठिपके आलेच आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी गळती की वाफ ते ओळखा. भिंतीवर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक-दोन दिवस ठेवा. तुकड्यामागे ओल आली तर पाणी भिंतीतून येतंय, प्लंबरला बोलवा. वरच्या अंगाला आली तर वाफ आहे. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने साबणाचा थर घासून काढा, स्वच्छ धुवा, आणि एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी घालून ते दहा मिनिटं राहू द्या. खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत. आपल्याकडे बाथरूम घासायला ॲसिड आणायची सवय आहे, ती सोडा. ॲसिड सांध्यांतलं सिमेंट खातं, भोकं मोठी होतात आणि बुरशी अधिक खोल बसते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच हा वायू. एकामागून एक वापरणंही धोक्याचं. आंघोळीनंतर वायपरने भिंती निथळून घ्या, दार उघडं ठेवा आणि एक्झॉस्ट पंखा आंघोळ संपल्यावरही अर्धा तास चालू द्या. पूर्वी धुमसणारी सोडणं जे करायची ते काम आता त्याच्याकडे आहे.

मुंबईत, पुण्यात, ठाण्यात सध्या पुनर्विकासाचे नकाशे सोसायट्यांच्या बैठकीत मांडले जातात. सगळे कार्पेट एरिया विचारतात, लॉबी आणि टाइल्सचा ब्रँड विचारतात. त्या बैठकीत बायकांनी उठून विचारावं: बाथरूमची खिडकी कुठे उघडते, डक्ट किती रुंद आहे, तो वरून उघडा आहे की बंद? उत्तर मीटरमध्ये मागावं आणि नकाशावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.