किल्ल्यातली बाग

मंडळी, पाऊस लागून राहिला, शेतातले काम अडले, की दिवस सरता सरत नाही. नुसते बसून राहिले म्हणजे नको नको ते विचार मनात येतात. अशा वेळी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याची आठवण करावी.

९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. त्यांतल्या बारा जणांना या किल्ल्यात ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव, असे ते होते. सुटका कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सुरुवातीला वर्तमानपत्रसुद्धा मिळेना.

मग नेहरूंनी कुदळ धरली. जमीन कसली? दगडगोटे आणि पडक्या बांधकामांचा राडारोडा! तीच खणून त्यांनी बाग केली. १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथही तिथेच पाच महिन्यांत लिहिला. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी उच्छाद मांडला होता. आधी त्यांनी त्या हाकलून पाहिल्या, मग दाणे टाकले. होता होता चिमण्या त्यांच्या तळहातावरून दाणे टिपू लागल्या.

याने दुःख टळले का? एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या. अखेरची भेटही झाली नाही. विरंगुळ्याने दुःख पुसले जात नाही. पण माणूस त्याखाली दबून जात नाही, एवढे खरे.

गुरुजी, वर्गातले एखादे पोर उदास दिसले, तर उपदेशाआधी त्याच्या हाती शाळेच्या बागेतली झारी द्या.